वीतभर आखूड पडदे

दादा,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्याबद्दल थोडकं लिहून द्या, असा निरोप आलाय. जन्म, शिक्षण, मिलमधली नोकरी, मागे परिवार. ते सगळं वहिनींनी सांगितलंय, अंकात चौकटीत छापून येईल. उरलेलं मी लिहावं असं ठरलं. लिहायला बसलो तर काही केल्या दुसरं सुचेना, बोटीवरचे ते पडदेच डोळ्यांपुढे येत राहिले.

वाचणारा म्हणेल, इंदूरच्या माणसाच्या आयुष्यात बोट कुठून आली? जिथे नळाला पाणी एक दिवसाआड येतं तिथे बोट? तूही तेव्हा हेच म्हणाला होतास. "सुध्या, तुझ्या शेठला सांग, आधी आपल्या परदेशीपुऱ्यात पाणी आण, मग त्याच्यावर बोट घाल."

तेव्हा मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. लोकांच्या भाषेत बंद, तुझ्या भाषेत 'सध्या बंद'. आपल्या घरात तो 'सध्या' फार दिवस राहिला. तू रोज दाढी करून, डबा न घेता, गेटपर्यंत जाऊन यायचास. मी तुकोगंजला एका शेठच्या ऑफिसात होतो. सोयाबीनच्या तेलात त्याने पैसा केला होता आणि आता त्याला पर्यटन सुचलं होतं. शहरात नवी दुकानं, नवी चॅनेलं, रंगीत बाटल्यांतली नवी पेयं येत होती. शेठ म्हणाला, अपन भी कुछ नया करेंगे. महूच्या पुढे धरणावर त्याने एक बोट आणून सोडली. छत, केबिन, दोन्ही बाजूंना खिडक्या. तिला बोट म्हणायचं नाही, 'क्रूझ' म्हणायचं, असा ऑफिसात हुकूम होता. क्रूझचा मॅनेजर मी.

खिडक्यांना शेठला 'ब्लाइंड' हवे होते. दोरी ओढली की घडीवर घडी घालत वर जाणारे कापडी पडदे, आत आडव्या लाकडी पट्ट्या शिवलेले. मी घरी येऊन तुला सांगितलं आणि तू लगेच नाव ठेवलंस. 'आंधळे.' तेव्हापासून आपल्या घरात ते आंधळेच.

कापड मी आणलं. मिलच्या शिल्लक मालातला एक गठ्ठा बाजारात आला होता. दुधाच्या सायीसारखा रंग, जरा खरबरीत, मला फारच आवडलं. तू फोल्डिंग खात्यात होतास, जिथे कापड तपासून घड्या घालतात. तू ते दोन बोटांत धरलंस, उजेडाकडे केलंस, आणि म्हणालास, "हे कोरं आहे. आधी धुऊन घे."

"कोरं आहे म्हणूनच तर घेतलं यार. नवं कापड धुतं का कोणी?"

"बरं. तू बी.कॉम."

पुढचं सगळं त्या एका शब्दावरून झालं. मला कोरं म्हणजे नवं, न वापरलेलं. तुला कोरं म्हणजे मागावरून उतरलेलं आणि पाणी न लागलेलं, सूत तुटू नये म्हणून चढवलेली खळ अजून अंगात असलेलं. आपण दोघं एकाच घरात, एकाच भाषेत वाढलो आणि एक शब्द दोघांच्या डोक्यात वेगळा होता. तू समजावून सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आपल्याकडे हीच पद्धत.

पावसाळाभर बोट काठाला बांधून होती. दिवाळीच्या आधी शेठचे बाहेरगावचे पाहुणे यायचे होते, त्यांच्याकडून मोठी एजन्सी मिळायची होती. दोन दिवस आधी मी केबिन उघडली तर आतून ओल्या बोळ्याचा वास आला. एक आंधळा सोडला. घडीघडीत काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. दुसरा सोडला, तिसरा सोडला. सगळ्यांना बुरशी. बोटवाल्या मांगीलालने नाकाला गमछा लावला आणि म्हणाला, "भैयाजी, यो तो सगळो सड़ी ग्यो."

मी स्कूटर वळवली ती थेट परदेशीपुऱ्याला. तू पलंगावर पेपर वाचत होतास. मी एक पडदा गुंडाळून आणला होता, तो अंगणात पसरला. तू बराच वेळ बघितलास.

"आंधळ्यांना देवी आल्या, सुध्या."

मग हसलास. वर्षभरात तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काय झालं म्हणून. तू उठून शर्ट घातलास आणि म्हणालास, "चल, दाखव तुझं जहाज."

ते दोन दिवस मला पुरते आठवतात. तू काठावर, वाऱ्याकडे पाठ करून बसलास, तोंडाला रुमाल बांधलास आणि आधी सगळे पडदे कोरड्या ब्रशने झाडलेस. मी बादली भरून आणली तर माझ्यावर खेकसलास, "पाणी नको अजून! ओलं केलंस तर ती आत रुतते. आधी कोरडी झाडायची." लाकडी पट्ट्या काढून उन्हात ठेवल्यास. मग मांगीलालच्या ओळखीच्या हलवायाकडून मोठी कढई आणवलीस, धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळलंस. म्हणालास, खळ हे बुरशीचं जेवण आहे, ताटच काढून घेतलं की ती जाते. पाणी पिवळं झालं, पिठाच्या पेजेसारखा वास सुटला. तुला ते सगळं येत होतं असं नाही. धुलाईचं खातं वेगळं होतं, तू ते येता-जाता बघितलं होतंस एवढंच. पहिल्या पडद्याला ब्लीचिंग पावडर इतकी लागली की पिळताना तुझं बोट आरपार गेलं.

"घे," तू बोट वर करून दाखवलंस, "बोटीला बोट लागलं."

मांगीलालला मराठी विनोद हिंदीत समजावता समजावता तुझी पुरेवाट झाली. तो शेवटपर्यंत हसला नाही, त्यामुळे आपण जास्त हसलो.

पुढच्या पडद्यांना तू पावडर अगदी पातळ केलीस, आधी कोपऱ्यावर लावून बघितलीस, मग पडदे भरपूर पाण्यात खळबळून गवतावर पसरलेस. ठिपके गेले. एखाद-दोन ठिकाणी फिकट सावली राहिली, ती जवळ जाऊनच दिसायची. मांगीलालला बजावलंस, "गीला मत लपेटना. सुबह धूप लगने दे, फिर बाँध." त्याने माझ्याकडे बघितलं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी सगळे पडदे, ओले असले तरी, वर बांधून टाक, असा हुकूम माझाच होता. तुला ते कळलं. मला फक्त म्हणालास, "ओलं गुंडाळलं की काळं पडतं रे, सुध्या. एवढंच."

रविवारी दुपारी आपण पडदे चढवायला घेतले. पाहुण्यांच्या गाड्या महूच्या पुढे निघाल्याचा निरोप आला होता. पहिला आंधळा खाली सोडला आणि तो खिडकीच्या खालच्या कडेच्या वीतभर वरच थांबला. आपण दोघांनी दोरी तपासली. दुसरा सोडला. तोही वीतभर वर. कोरं कापड उकळलं की आटतं, हे मिलमधल्या पोरालाही ठाऊक. तुलाही ठाऊक होतं. पण फोल्डिंग खात्यात कापडाला खिडकी नसते. तुझ्या डोक्यात ते आलंच नाही.

"तू कोरं लावलंस," तू म्हणालास.

"तू उकळलंस," मी म्हणालो.

हा वाद पुढे बारा वर्षं चालला आणि अजून मिटलेला नाही. माझं आजही म्हणणं आहे की उकळण्याआधी खिडकी मोजायला हवी होती.

आता पुढचं लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनींना आता हे वाचूनच कळेल.

पाहुणे येऊन बसले. ऊन पश्चिमेचं, पडद्याच्या खालच्या मोकळ्या पट्टीतून सरळ त्यांच्या मांडीवर. एकाने डोळ्यांवर हात धरला. शेठने बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "अरे सुधीर, ये खिड़कियों को हाफ पैंट किसने पहना दी?"

सगळे हसले. मीही हसलो.

"धोबी ने, सर."

"कौन धोबी?"

तू केबिनच्या दारात होतास. हातात सुई-दोरा, कारण एक पट्टी उसवली होती ती तू टाचत होतास. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय सोड्याने पांढरे. मी तुझ्याकडे हनुवटीने दाखवलं आणि म्हणालो, "वो. अपना आदमी है."

"मिल का लगता है."

"हाँ सर. मिल बंद हो गई तो काम दे दिया बेचारे को."

'बेचारा' हा शब्द मागितला नव्हता कुणी. तो मी आपणहून घातला.

त्याच वेळी तू एक पाऊल पुढे आलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "गलती हो गई साहब. नाप नहीं लिया." अगदी स्वच्छ हिंदीत. घरी आपण मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी कालवतो, तसली नव्हे. परक्याशी बोलतात तसली. माझ्याकडे बघितलं नाहीस. मग खाली उतरून मांगीलालपाशी जाऊन बसलास आणि बोट पाण्यात फेरी मारून येईपर्यंत तिथेच होतास.

का, ते सांगतो. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की आम्ही जुने होळकर संस्थानचे लोक, आजोबा दरबारी कारकून होते. आपले आजोबा मिलच्या हजेरी खात्यात होते हे तुला सांगायची गरज नाही. पण तुकोगंजच्या त्या ऑफिसात 'होलकर स्टेट वाले' म्हटलं की खुर्ची पुढे करत. मिलवाला भाऊ निघाला असता तर ती खुर्ची गेली असती, असं मला वाटलं. कदाचित गेलीही नसती. शेठला त्याचं काही पडलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तू शिक्षण सोडून मिलमध्ये लागलास म्हणून मी बी.कॉम. झालो, हे मात्र मला तेव्हाही माहीत होतं. ते विसरून मी बोललो असं म्हणता येणार नाही. माहीत असून बोललो.

परत येताना तू स्कूटरवर मागे बसला होतास. महू आलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "भिया, जरा थांबव. चहा पिऊ."

भिया.

इंदुरात भिया सगळेच असतात. पोहेवाला भिया, टेम्पोवाला भिया, ज्याचं नाव माहीत नाही आणि विचारायची इच्छाही नाही तो भिया. तू मला जन्मापासून सुध्या म्हणत होतास. त्या दिवसापासून नाही. वहिनींनी एकदा विचारलं, हे काय नवीन? तर तू म्हणालास, "भिया म्हणजे भाऊच ना? भावाला भाऊ म्हणतोय." सगळ्यांना ती तुझी इंदुरी गंमत वाटली. माझ्या लग्नात सासरच्यांशी ओळख करून देताना तू म्हणालास, "हे आमचे भिया," आणि मांडव हसला. मी हसलो. तू माझ्याकडे बघून हसलास, आणि आपल्या दोघांनाच ठाऊक होतं की यात विनोद नाही.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. पण तू बाकी सगळं तसंच ठेवलंस. पुढच्याच रविवारी, मी नको म्हणत असताना, बसने धरणावर गेलास. उरलेलं कापड या वेळी आधी धुऊन, आटवून, वहिनींच्या मशीनवर प्रत्येक पडद्याला खाली वीतभर जोड शिवून आणला होतास. जोडाचा रंग जरा वेगळा पडला. शेठला तो फार आवडला. म्हणाला, "वाह, डबल कलर! किसका आइडिया?"

मला दुसरी संधी मिळाली होती. मी म्हणालो, "टेलर का."

मिल उघडली नाही. तुझा 'सध्या' कधी गळून पडला ते मला नेमकं सांगता येत नाही. एक दिवस तू गेटवर गेला नाहीस, एवढंच वहिनींच्या लक्षात आलं. मग तू भंवरकुआंला कोचिंगच्या मुलांचं हॉस्टेल सांभाळायला लागलास. तिथेही पावसाळ्यात गाद्यांना बुरशी आली की मुलांना गच्चीवर रांगेने उभं करायचास, तोंडाला रुमाल, वाऱ्याकडे पाठ, आधी कोरडं झाडा. तुझ्या तेराव्याला त्यांतले काही आले होते. एकजण आता बँकेत आहे. म्हणाला, "अंकलने हमको दो चीज़ें सिखाईं, गद्दा झाड़ना और झूठ पकड़ना." मी त्याला दुसऱ्या गोष्टीबद्दल जास्त विचारलं नाही.

बोलायचा प्रयत्न मी केला होता, दादा. एकदाच. तुझ्या घरी, वहिनी बाहेर गेल्या होत्या, तू भाजी निवडत होतास. मी म्हणालो, "त्या दिवशी बोटीवर मी जे..."

तू मेथीची काडी मोडलीस. "पडदे तू कोरे लावलेस, भिया. मी किती वेळा सांगितलं."

"आणि तू उकळलेस."

"हां. ते मी मान्य करतो."

एवढंच. तू तुझ्या वाट्याची चूक मान्य केलीस, कापडाची. माझ्या वाट्याची मान्य करायला तू मला जागा मोकळी ठेवली होतीस की दार लावलं होतंस, ते मला कळलं नाही. मी मेथी निवडू लागलो. त्यानंतर आपण जेव्हा जेव्हा त्या पडद्यांवरून भांडलो तेव्हा आपण कापडाबद्दल बोलत नव्हतो, असं मला वाटतं. तुला तसं वाटत होतं का, ते आता विचारता येत नाही.

शेवटचा आठवडा तू दवाखान्यात होतास. दुपारची वेळ. वहिनी घरी आंघोळीला गेल्या होत्या, मी तुझ्याजवळ. नवीन सिस्टर आली, केरळची, कामाला चोख. भेटीची वेळ संपली होती. तिने मला उठवलं.

"आप बाहर जाइए. सिर्फ घर वाले रुक सकते हैं."

मी उठलो. खरंच उठलो, दादा. चप्पल शोधायला लागलो. बारा वर्षांत सवयच झाली होती.

तिने तुला विचारलं, "अंकल, ये कौन है आपके?"

तू डोळे उघडलेस. नाकात नळी होती. माझ्याकडे बघितलंस, चांगलं बघितलंस. माझेच शब्द होते ते, मी ओळखले. फक्त ते तू मराठीत म्हणालास.

"आपला माणूस आहे."

हिंदीत तेच बोललं तर नोकर होतो. मराठीत होत नाही. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. सिस्टरला नव्हतं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "क्या बोल रहे हैं?"

आता भाषांतर मलाच करायचं होतं. तू डोळे मिटून घेतले होतेस, पण ऐकत होतास, तुझी भुवई हलली.

"बोल रहे हैं," मी म्हणालो, "कि मैं इनका भाई हूँ. सगा भाई. छोटा."

"तो पहले बोलना था ना," ती म्हणाली, आणि सलाईनची बाटली बदलून निघून गेली.

मी परत बसलो. खिडकीतून ऊन तुझ्या तोंडावर येत होतं. तू म्हणालास, "पडदा ओढ..." आणि पुढे आणखी एक शब्द होता. तो खोकल्यात गेला. मी पडदा ओढला आणि थांबलो, की तू तो शब्द पुन्हा म्हणशील. तुला झोप लागली. त्यानंतर तू बोललास ते पाण्यासाठी, तेही वहिनींशी.

वहिनी काल म्हणाल्या, "एवढ्यात कशाला लिहिताय? वर्षश्राद्धाच्या सुमारास निघेल त्या अंकात द्या, सावकाश." मी म्हटलं, "नको वहिनी. ओलं गुंडाळून ठेवायचं नाही, दादा सांगून गेलाय." त्यांना वाटलं मी पडद्यांचं बोलतोय. म्हणाल्या, "हो, ते तर ते सगळ्यांनाच सांगायचे."

तो खोकल्यात गेलेला शब्द कोणता होता, ते मी खूप वेळा ऐकून बघितलंय. 'भिया'ही असू शकतो. मी खाली दुसरा लिहितो. चूक असेल तर तुझ्या पद्धतीने हसून घे.

तुझा,
सुध्या